खळीचा हात

कारपेटवर पाय ठेवायला बाबांना तीन दिवस लागले.

भंडाऱ्यात महामार्गाला लागून एक तीन मजली इमारत आहे. खाली दुचाकींचं शोरूम, मधे विम्याचं ऑफिस आणि वर मीटिंगचा मोठा हॉल. या इमारतीची साफसफाई बघणं हे माझं काम. बघणं म्हणजे करणं. कागदावर मी सुपरवायझर आहे, हातात मात्र व्हॅक्यूमचा पाइप असतो. विम्याच्या ऑफिसात कारपेट आहे आणि वरच्या हॉलमध्ये तर दारापासून स्टेजपर्यंत नुसतं कारपेटच, गडद मरून रंगाचं. भिंतीला लागून तेवढी वीतभर फरशी उघडी आहे. पहिल्या दिवशी बाबा हॉलच्या दाराशी थांबले, चपला काढून हातात घेतल्या आणि त्या वीतभर फरशीवरून, भिंतीला खांदा घासत, स्टेजपर्यंत गेले.

"बाबा, मंधातून चाला ना," मी म्हणालो.

"कापड हाये थे."

"चालाच्यासाठीच टाकलं आहे."

"टाकलं असन. आपून कापडावर पाय देत नाही."

चाळीस वर्षं हातमाग चालवलेला माणूस. आमच्या घरात विणलेल्या कापडाला कोणाचा पाय लागत नसे. चुकून लागलाच तर वाकून कापडाला हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा. माझ्याकडून लहानपणी हे दिवसातून चार वेळा होई, कारण घर एवढंसं आणि कापड घरभर. तिसऱ्या दिवशी बाबांनी काय ठरवलं कोण जाणे, वाकले, कारपेटला हात लावला, कपाळाला नेला आणि मग त्यावर चढले. त्या दिवसापासून रोज कामाआधी नमस्कार ठरलेला. विम्याच्या ऑफिसातल्या मुली ते बघून हसायच्या. मला हसू आलं नाही आणि लाजही वाटली नाही. त्या काळात मला फारसं काही वाटतच नव्हतं.

ते आधीच सांगून टाकतो. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. ती गेली त्या दिवशी मी मंडपवाल्याला फोन केला, बाहेरगावच्या लोकांची झोपायची सोय केली, तेरवीच्या जेवणाला पत्रावळी कमी पडल्या त्या आणून दिल्या. रडलो नाही. रडू दाबलं असंही नाही. दाबायला ते आधी यावं लागतं. घरातल्या बायका आपसात म्हणाल्या, पोरगं दगडाचं आहे. माझ्या कानावर आलं. मला ते बरोबरच वाटलं.

बाबा खूप रडले आणि मग विसरायला लागले. चहा घेतल्याचं विसरायचे, आंघोळ केल्याचं विसरायचे. एका सकाळी मागाच्या खोलीत उभे राहून मला विचारलं, "माग कुठं गेला रे?" माग आई असतानाच मोडून टाकला होता आणि मोडायला बाबाच पुढे होते. डॉक्टर म्हणाले, यांना घरात बसू देऊ नका, हाताला काम ठेवा, हात थांबले की माणूस झपाट्याने खाली येतो. मग मी आमच्या इमारतीच्या मॅनेजरला विचारलं. मॅनेजर नागपूरचा, वयाने माझ्याहून लहान, माणूस काही वाईट नाही. तो म्हणाला, "काकाजींना आना तुम्ही. पन काही झालं तं जबाबदारी तुमची." मी हो म्हणालो. त्यात नाही म्हणण्यासारखं काय होतं?

आमच्याकडे कारपेट ठेवणं हीच मुळात एक हौस आहे. हॉलमध्ये बियाण्याच्या आणि खताच्या कंपन्यांच्या मीटिंगा होतात. सिहोरा, बपेरा, एकोडीकडचे दुकानदार येतात आणि बुटाच्या तळव्यांना धानाच्या बांधीतला चिखल घेऊन येतात. ओल्या चिखलाला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. तो वाळू द्यायचा, नखाने फोडायचा, मग व्हॅक्यूम फिरवायचा, आधी उभा आणि मग आडवा. चहा सांडला तर पुसायचा नाही, टिपायचा. पुसला की तो आत जाऊन बसतो आणि कायमचा राहतो. खर्र्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा, डाग हा आणखी वेगळा त्रास. तो नेहमी कोपऱ्यात सापडतो, कारण थुंकणाऱ्यालाही थोडी लाज असतेच.

मला हे शिकायला सहा महिने लागले होते. बाबांनी आठवडाभरात उचललं. ज्या माणसाला सकाळचं आठवत नव्हतं, त्याला त्या हॉलमधला एकेक डाग पाठ झाला. कारपेट धुतल्यावर तळवा फिरवून सांगायचे, "इथं ओलं हाये अजून, पंखा इकडं कर." सुटलेला धागा दिसला की मी आजवर कात्रीने कापायचो. बाबांनी माझ्या हातातून कात्री काढून घेतली ती परत दिलीच नाही. ते सुईने धागा मागे घालायचे, गुडघ्यावर बसून, चष्मा कपाळावर सरकवून. विम्याच्या ऑफिसात दसऱ्याच्या पूजेत उदबत्ती पडून कारपेटला भोक पडलं होतं. बाबांनी कपाटाखालचे चार धागे उपसून ते असं भरलं, की मॅनेजर लोकांना बोलावून विचारायचा, "सांगा, कुठं होतं?" कोणालाच सांगता येत नसे. बाबा बाजूला उभे राहून मिशीत हसायचे.

घरी आल्यावर ते जेवताना दिवसभराचं सांगायचे. पोटभर जेवायचे, शांत झोपायचे. डॉक्टर म्हणाले होते तसंच चाललं होतं. मी मनात म्हणायचो की हे टिकलं पाहिजे. बाकी माझी काही मागणी नव्हती.

गणपती उठले त्याच्या पुढच्या आठवड्यात सोमवारी हॉलमध्ये एका कंपनीची मोठी मीटिंग ठरली होती. मुंबईचे साहेब येणार, इमारतीचे मालक स्वतः हजर राहणार. कारपेट धुऊन स्वच्छ झालं होतं, पण दारापासून स्टेजपर्यंत जिथून सगळे चालतात तो पट्टा बसला होता. कारपेटवर धाग्याची टोकं उभी असतात, त्यांना आम्ही लव म्हणतो. त्या पट्ट्यातली लव मेली होती. ओलं फडकं टाकून वरून इस्त्रीची वाफ दिली, उलटा ब्रश मारला. तासभर उभी राहायची, परत आडवी. मॅनेजर दोनदा येऊन बघून गेला. म्हणाला, "हा पट्टा काहीही करून नीट करा. मालकांनी पाहिला तर नागपूरच्या पार्टीला काम देऊन टाकतील."

तेव्हा मला खळ आठवली.

मागावर चढवायच्या आधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांना खळ लावतात. आमच्याकडे ती तांदळाची असे. भात मऊ शिजवायचा, घोटायचा, पातळ करून कपड्यातून गाळायचा. सकाळच्या उन्हात गल्लीभर ताणा पसरायचा आणि त्यावर मोठ्या ब्रशने खळ मारत जायचं. त्याला पांजणी म्हणतात. खळ आई करायची नाही तर बाबा, ब्रश मारायचे बाबा. वाळला की लुळा धागा ताठ उभा. हे काम मला कधी कोणी करू दिलं नाही. मी शाळेत जाणारा, दप्तर घेऊन दारात उभा राहून बघायचो. इतकी वर्षं बघितलं म्हणजे येतं, असा माझा समज.

बाबांना विचारायला हवं होतं. ते शेजारीच होते. पण मी सुपरवायझर ना! शिवाय खरं सांगायचं तर, एकदा मला स्वतःच्या हाताने ती करून बघायची होती.

शुक्रवारी सकाळी बाबा आंघोळीला गेले तेव्हा मी तांदूळ शिजवला, घोटला, ओढणीच्या तुकड्यातून गाळला आणि फवारणीच्या पंपात भरून हॉलवर नेला. बाबांनी विचारलं, "काय हाये थे?"

"दवाई आहे, बाबा. कारपेटची."

मी फवारत पुढे चाललो, ते मागून ब्रश मारत आले. पहिला हात मारला आणि थांबले. ब्रशकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी, लांब, एकाच दिशेने मारू लागले, पाय आडवे टाकत, अंगाला झोका देत. हा झाडूचा हात नव्हता. पांजणीचा हात होता. मधेच गुणगुणायला लागले. माग गेल्यापासून मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. माझ्या छातीत काहीतरी हललं, पण ते काय आहे हे कळेपर्यंत थांबलं.

दुपारी पंखे लावून पट्टा वाळवला. लव उभी! मॅनेजर उकिडवा बसला, हात फिरवून म्हणाला, "काय केलं हो?"

"मेहनत, साहेब," मी म्हणालो. हे बोलताना मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

शनिवार, रविवार हॉल बंद. खिडक्या लावलेल्या, एसी बंद, बाहेर दोन्ही दिवस पावसाची झड. सोमवारी आठ वाजता मॅनेजरने दार उघडलं, आम्ही दोघं त्याच्या मागे. आतून जो वास आला तो मी काय सांगू! आंबट, कोंदट, नाकात चढणारा. खिडकीपासून कारपेटपर्यंत लाल मुंग्यांची रांग, आणि त्या बरोबर त्या पट्ट्यावरून स्टेजपर्यंत पसरलेल्या. मॅनेजर पट्ट्यावरून चार पावलं चालला आणि त्याने खाली पाहिलं. काळ्या बुटांवर पांढरा भुगा. सुती धागा खळ पितो. हे कारपेट नायलॉनचं, ते काही पीत नाही, जे लावाल ते वर तसंच बसून राहतं. हे मला आता माहीत आहे.

बाबा दारात चपला हातात घेऊन उभे होते. त्यांनी दोनदा वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"खळ आंबली," ते म्हणाले. "तांदळाची हाये. बरोबर गाळली नाही, कनी राहून गेली."

मॅनेजर वळला. "कोनती खळ?"

"धाग्याले लावते थे," बाबा उत्साहाने सांगू लागले. ज्याचं उत्तर त्यांना येतं असा प्रश्न कोणीतरी विचारला होता. "मागावर चढवाच्या आधी."

"मंग इथं कोनं लावली, काकाजी?"

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं, चपला खाली ठेवल्या आणि दोन्ही तळवे नाकाशी नेले. तीन दिवसांनी तळव्यांना कसला वास येणार? पण ते बराच वेळ हुंगत राहिले.

"ब्रश तं म्याच मारला," ते हळूच म्हणाले. "म्याच लावली असन. आजकाल ध्यानात नाही राहत."

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. बोलायची वेळ होती ती एवढीच. पुढे मी पुष्कळदा आठवून पाहिलं की त्या क्षणी माझ्या मनात काय होतं. नोकरी जाईल, ही भीती होती म्हणावं तर तीही नव्हती. भीती असती तर निदान मला काही सांगता आलं असतं. मी तोंड उघडलं नाही, एवढंच झालं. आई गेली तेव्हा जसा उभा होतो तसाच उभा राहिलो.

"मी म्हटलं होतं तुम्हाला," मॅनेजर मला म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "उद्यापासून काकाजींना आनू नका. राग नका मानू."

बाबा भिंतीकडच्या फरशीवरून जाऊन स्टेजमागे ठेवलेला आपला डबा घेऊन आले. दाराशी वाकले, कारपेटला हात लावला, कपाळाला नेला. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब तुह्यावर तं नाही ना रागावले?"

"नाही," मी म्हणालो.

मीटिंग दुसरीकडे झाली. मालकांनी काम काढून घेतलं नाही, कारण चूक करणारा माणूस आधीच काढून टाकला होता. तो पट्टा मी एकट्याने गरम पाण्याने पाच वेळा धुतला. लवीच्या मुळाशी भाताची कणी चिकटून बसली होती. ती सुईने काढावी लागली, बाबांच्याच सुईने. मुंग्या दिवाळीपर्यंत येत होत्या.

घरी बाबा पहिले काही दिवस सकाळी शर्ट घालून तयार बसायचे. "चल, कामाले." मी म्हणायचो, आज सुट्टी आहे. आठवड्यात तीनदा सुट्टी, चारदा सुट्टी. मग त्यांनी विचारणं सोडलं. मागाच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे, हात मांडीवर उताणे. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, फक्त वेगाने. शेजाऱ्यांची नावं गेली. घराची वाट गेली. एकदा दुधवाला त्यांना चौकातून धरून घेऊन आला. एका सकाळी मला त्यांनी त्यांचा मोठा भाऊ समजून दादा म्हटलं आणि मी ओ दिली.

सगळं विसरले. एक गोष्ट मात्र विसरले नाहीत. जो भेटेल त्याला सांगायचे, "चाळीस वर्षांत एक पातळ खराब नाही केलं म्या. आन म्हातारपनी एवढं मोठं कापड नासवलं." दुधवाल्याला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला दारात थांबवून सांगितलं. त्यांच्या डोक्यात जी एक गोष्ट पक्की उरली होती ती घडलेलीच नव्हती, आणि ती तिथे मी ठेवली होती.

शेवटी मी मॅनेजरकडे गेलो. खूप हिंमत केली वगैरे नाही. मशीन दुरुस्तीच्या कागदावर सही घ्यायला गेलो होतो, तेव्हा सांगून टाकलं. खळ मी केली, बाबांना दवाई सांगून ब्रश मारायला लावला.

त्याने सही केली, पेन ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. चांगल्या नजरेने पाहिलं, तेच वाईट झालं.

"वडिलांसाठी बोलून राहिले तुम्ही," तो म्हणाला. "मी असतो तं मी पन असंच बोललो असतो."

"खरं आहे, साहेब. मीच केलं."

"असू द्या हो. त्यांनी स्वतःच कबूल केलं ना सगळ्यांसमोर? आता त्यांना जपा."

त्या दिवशी पाच वाजता घरी गेलो. बाबा ओट्यावर बसले होते, शेजारी समोरच्या घरचे काका. तेही जुने विणकर, बाबांच्याच वयाचे. बाबा त्यांना नासवलेल्या कापडाचं सांगत होते आणि काकांनी ते कितव्यांदा ऐकलं असेल देव जाणे, पण मान डोलावत होते. मी पायातले बूट न काढताच खाली बसलो.

"बाबा, खळ मी केली होती."

ते माझ्याकडे वळले.

"तुम्ही फक्त ब्रश मारला. मी तुम्हाले दवाई म्हणून सांगितलं. खळ घरी मी केली, तुम्ही आंघोळीले गेले होते तेव्हा. कापड तुम्ही नाही नासवलं. मी नासवलं."

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्या घडीला ते मला ओळखत होते, त्यात शंका नाही.

"हात आन," ते म्हणाले.

मी उजवा हात पुढे केला. त्यांनी तो उताणा केला आणि आपला अंगठा माझ्या बोटांवरून, तळव्यावरून फिरवला, कारपेटची ओल बघायचे तसा, हळू, एकही जागा न सोडता.

"हा खळीचा हात नाही," ते म्हणाले. "या हातानं कधी पेज गाळली नाही."

"म्हणूनच तं कनी राहिली, बाबा."

ते हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले. माझा हात तसाच धरून काकांकडे वळले.

"पाहा. बापाची चूक आपल्या डोक्यावर घेऊन राहिला. आहेत काय अशे पोरं आता?"

काका म्हणाले, नाहीत. बाबा माझा हात थोपटत राहिले. वर्ष-दीड वर्ष मी वाट बघत होतो की आपल्याला काहीतरी वाटावं. ते तेव्हा वाटलं, आणि ती नुसती शरम होती. मला उठून आत जायचं होतं. पण बाबांनी हात सोडला नव्हता, आणि ते काकांना पहिल्यापासून परत सांगायला लागले होते, कापड कसं नासलं आणि आपला मुलगा कसा गुणाचा आहे. मी बसून ते सगळं ऐकलं.